एट्रियल फिब्रिलेशन : निदान आणि तज्ज्ञ उपचार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयात नेमके काय होते?

निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातील सायनस नोड नावाच्या पेशीसमूहातून होते. तिथून निघालेली विद्युतलहर दोन्ही अलिंदांत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरते, वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत उतरते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (पुढे त्याला एएफ म्हटले आहे) अलिंदांत एकाच वेळी अनेक ठिकाणी लहरी उठतात, एकमेकींत मिसळतात आणि मिनिटाला साधारण ३५० ते ६०० इतक्या वेगाने फिरत राहतात. त्यामुळे अलिंदे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरतात. एव्ही नोड यांपैकी बऱ्याच लहरी अडवतो. पण ज्या खाली जातात त्या कोणत्याही ठरावीक क्रमाने जात नाहीत, म्हणून नाडी बहुधा जलद आणि हमखास अनियमित लागते.

याची लक्षणे कोणती?

छातीत धडधड, चालताना किंवा जिना चढताना धाप लागणे, थकवा, चक्कर, छातीत जडपणा ही नेहमीची लक्षणे आहेत. वृद्धांमध्ये पुष्कळदा केवळ थकवा असतो आणि तो वयाच्या खाती टाकला जातो. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ईसीजीत एएफ सापडते किंवा दुर्दैवाने पक्षाघात झाल्यावरच त्याचा पत्ता लागतो. लक्षणे नाहीत म्हणून धोका कमी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

घरच्या घरी नाडी पाहून काही कळते का?

कळते, आणि ही सवय ६५ वर्षांवरील प्रत्येकाने लावून घ्यावी. पाच मिनिटे शांत बसावे, एका हाताचा तळवा वर करून मनगट सैल ठेवावे, अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या खोलगट भागात दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हलकेच टेकवावे आणि पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी. निरोगी माणसाची नाडीही श्वासाबरोबर किंचित जलद-मंद होते आणि अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे म्हणजे एएफ नव्हे. एएफमध्ये पुढचा ठोका केव्हा येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. काही ठोके जोरकस असतात, तर काही इतके क्षीण की बोटांना लागतच नाहीत. त्यामुळेच स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेले ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांपेक्षा जास्त भरतात. रक्तदाबाचे घरगुती यंत्रही अशा वेळी एका मोजणीत फसवे आकडे दाखवू शकते. तीनदा मोजून सरासरी धरणे बरे.

निदान पक्के कसे होते?

एएफ चालू असताना काढलेल्या ईसीजीनेच. एएफची ईसीजीतील खूण ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी १९०९ साली ओळखली आणि ती आजही तीच आहे : अलिंदांच्या आकुंचनाची पी लहर दिसत नाही, तिच्या जागी आडवी रेषा बारीक कंप पावताना दिसते आणि ठोक्यांच्या उंच टोकांमधली अंतरे एकसारखी नसतात. बारा लीडचा, म्हणजे हृदयाची बारा बाजूंनी नोंद घेणारा, नेहमीचा ईसीजी पुरतो. एकाच लीडची पट्टी असेल तर ती निदान ३० सेकंदांची असावी, असा संकेत आहे.

अडचण अशी की अनेकांचे एएफ येते आणि जाते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी अगदी स्वच्छ असतो. अशा वेळी ईसीजीची सतत नोंद घेणारे होल्टर यंत्र २४ तासांपासून आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत अंगावर लावून ठेवतात. तेवढ्यानेही भागले नाही आणि संशय दाट असेल, तर छातीच्या त्वचेखाली छोटा लूप रेकॉर्डर बसवतात आणि तो दोन-तीन वर्षे नोंद ठेवत राहतो. कारण न सापडलेल्या पक्षाघातानंतर असा रेकॉर्डर विशेष उपयोगी पडतो.

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ एएफ असल्याचे सांगते. त्यावर विश्वास ठेवावा का?

तो इशारा समजावा, निदान समजू नये. बरीच घड्याळे प्रकाशाच्या साह्याने नाडीची अनियमितता टिपतात आणि तशी अनियमितता सुटे जादा ठोके पडल्यानेही दिसते. घड्याळात ईसीजीची सोय असेल, तर त्रास होत असतानाच ३० सेकंदांची पट्टी नोंदवावी, जपून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. त्रासाच्या क्षणी मिळालेली अशी एक पट्टी त्रास नसताना केलेल्या अनेक तपासण्यांपेक्षा मोलाची असते.

ईसीजीनंतर आणखी तपासण्या कशासाठी?

एएफमागचे कारण शोधण्यासाठी आणि औषधे सुरक्षितपणे निवडण्यासाठी. थायरॉइडची ग्रंथी अतिक्रियाशील असेल, तर तिच्यावर उपचार केल्यावर एएफ कधी कधी आपोआप थांबते. मूत्रपिंडांचे कार्य, हिमोग्लोबिन, यकृत आणि पोटॅशियम यांवर औषधांची निवड आणि मात्रा अवलंबून असते. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या अलिंदाचा आकार, झडपा आणि हृदयाची पंपिंगची ताकद दिसते. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधली मिट्रल झडप अरुंद झालेली आहे का, हे पाहणे फार महत्त्वाचे असते, कारण त्यावर रक्त पातळ करणाऱ्या औषधाची निवड ठरते. घोरणे आणि दिवसा येणारी झोप असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणीही करावी.

‘पॅरॉक्सिझमल’, ‘पर्सिस्टंट’ असे शब्द अहवालात असतात. त्यांचा अर्थ काय?

सात दिवसांच्या आत आपोआप थांबणारे एएफ पॅरॉक्सिझमल, सात दिवसांहून अधिक टिकणारे पर्सिस्टंट आणि वर्षाहून अधिक काळ सलग चालू असलेले दीर्घकालीन पर्सिस्टंट. रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून आता ठोके लयीत आणण्याचा प्रयत्न करायचा नाही असे ठरवले, की त्याला पर्मनंट म्हणतात. या वर्गवारीचा उपयोग लयीच्या उपचारांसाठी होतो. येऊन-जाऊन असणारे एएफ असले तरी गुठळीपासून संरक्षणाचा विचार तितक्याच गांभीर्याने करावा लागतो.

एएफमुळे पक्षाघात का होतो?

डाव्या अलिंदाला बोटाच्या आकाराची एक पिशवी जोडलेली असते. तिला डावे अलिंद उपांग म्हणतात. अलिंद नीट आकुंचन पावत असते तोवर तिच्यातले रक्त हलते राहते. थरथर सुरू झाली की ते तिथे साचते आणि गोठू लागते. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत अलिंदातल्या बहुतांश गुठळ्या याच उपांगात तयार होतात. तिथून सुटलेली गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. एएफमुळे हा धोका साधारण पाच पटींनी वाढतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या दीर्घकालीन अभ्यासात दिसून आले. या गुठळ्या आकाराने मोठ्या असतात, त्यामुळे एएफमुळे होणारे पक्षाघात सहसा अधिक गंभीर असतात. एएफच्या रुग्णांना धडधडीची भीती वाटते. खरे भय या गुठळीचे आहे आणि ती तयार होताना काहीही जाणवत नाही.

रक्त पातळ करणारे औषध कोणाला लागते?

पक्षाघाताचा धोका किती आहे, हे पाहण्यासाठी चॅड्स-व्हॅस्क नावाची गुणपद्धती वापरतात. हृदय अशक्त होणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ६५ ते ७४ हे वय यांना प्रत्येकी एक गुण, तर वय ७५ किंवा अधिक असल्यास आणि पूर्वी पक्षाघात झाला असल्यास प्रत्येकी दोन गुण मिळतात. पूर्वी स्त्री असण्यालाही एक गुण होता; २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला. या नव्या पद्धतीत दोन किंवा अधिक गुण असल्यास औषध द्यावे, असे स्पष्टपणे सुचवले जाते आणि एक गुण असेल तर रुग्णाशी बोलून निर्णय घेतला जातो. एएफ किती वेळा येते किंवा किती त्रास देते, याला या हिशेबात जागा नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

त्याऐवजी ॲस्पिरिन चालेल का?

नाही. एएफमधील गुठळी रोखण्यात ॲस्पिरिन फार दुबळे ठरते आणि रक्तस्रावाचा धोका मात्र उरतोच. रक्त पातळ करणारे नवे औषध ॲपिक्साबान आणि ॲस्पिरिन यांची थेट तुलना करणारी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ॲपिक्साबानचा लाभ इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. मोठ्या रक्तस्रावाच्या बाबतीत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

रक्त पातळ करणारे जुने औषध वॉरफरिन चांगले की नवी औषधे?

बहुतेक रुग्णांसाठी नवी औषधे, म्हणजे डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान आणि एडोक्साबान. त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, जेवणातल्या पदार्थांचे पथ्य लागत नाही आणि मेंदूतील रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी होतो. मात्र मिट्रल झडप मध्यम किंवा तीव्र प्रमाणात अरुंद असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिनच घ्यावे लागते. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या रुग्णांवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही रिव्हारोक्साबानपेक्षा वॉरफरिनच्या गटातील औषधे सरस ठरली. वॉरफरिन घेताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा निर्देशांक, सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो आणि त्यासाठी नियमित तपासणीला पर्याय नाही.

गोळी घ्यायची राहून गेली तर?

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल, तर ठरल्या वेळेपासून सहा तासांपर्यंत आणि एकदाच घ्यायची असेल तर बारा तासांपर्यंत आठवण होताच घ्यावी; त्यानंतर ती सोडून पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दुप्पट मात्रा कधीही घेऊ नये. या गोळ्यांचा परिणाम दिवसभरातच उतरतो, म्हणून दोन-चार दिवसांचा खंड म्हणजे तितके दिवस संरक्षणच नाही. रिव्हारोक्साबान जेवणासोबत घ्यावे. डाबिगाट्रानची कॅप्सूल फोडू नये.

आई वारंवार पडते. तिला हे औषध देणे धोक्याचे नाही का?

ही चिंता रास्त आहे आणि बहुतेक घरांत ती बोलून दाखवली जाते. तरीही पडण्याचा धोका हे औषध नाकारण्याचे पुरेसे कारण सहसा नसते, कारण ज्या वयात पडणे वाढते त्याच वयात पक्षाघाताचा धोकाही सर्वाधिक असतो. विचार करायचा तो रक्तस्राव वाढवणाऱ्या आणि सुधारता येण्याजोग्या गोष्टींचा : अनियंत्रित रक्तदाब, मद्यपान, अंगदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, कारण नसताना चालू राहिलेले ॲस्पिरिन. या गोष्टी हाताळाव्यात आणि संरक्षण चालू ठेवावे.

ठोके आता नियमित आहेत आणि बरेही वाटते. रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का?

स्वतःहून मुळीच नाही. या आजारात सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ठोके लयीत आणणे आणि गुठळी रोखणे हे दोन वेगळे उपचार आहेत. पहिला त्रास कमी करण्यासाठी असतो, तर दुसरा पक्षाघात टाळण्यासाठी. त्यांची गल्लत झाली की रुग्ण धडधड थांबली म्हणून संरक्षण सोडून देतो. एएफ न जाणवता परत येऊ शकते आणि वय, रक्तदाब, मधुमेह ही धोक्याची कारणे ठोके नियमित झाल्याने नाहीशी होत नाहीत. लय परत आणण्यासाठी शॉक दिल्यावर किंवा अब्लेशन (कॅथेटरने केला जाणारा उपचार, पुढे पाहा) यशस्वी झाल्यावरही ही गोळी पुढे चालू ठेवायची की नाही, हे जोखमीच्या गुणांवरून ठरते.

दाढ काढणे, मोतीबिंदू किंवा अन्य शस्त्रक्रिया यांच्या वेळीही औषध परस्पर थांबवू नये. किती तास आधी थांबवायचे किंवा थांबवायचेच नाही, हे विचारून घ्यावे.

वेग आटोक्यात ठेवायचा की लय पूर्ववत करायची?

वेग आटोक्यात ठेवण्यासाठी मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर औषधे, डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि डिगॉक्सिन वापरतात. हृदयाची पंपिंग शक्ती घटलेली असेल, तर यांपैकी डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल टाळतात. विश्रांतीच्या वेळी ठोके मिनिटाला ११० च्या आत असले तरी अनेकांना पुरते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या रेस-२ या चाचणीत दिसले.

लय पूर्ववत करण्याविषयीचे मत मात्र गेल्या दोन दशकांत बदलले आहे. २००२ च्या अफर्म चाचणीत औषधांनी लय राखलेले आणि केवळ वेग आटोक्यात ठेवलेले रुग्ण यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नव्हता. त्यामुळे बरीच वर्षे वेगावरच समाधान मानले गेले. २०२० च्या ईस्ट-एएफनेट ४ या चाचणीत निदानापासून वर्षभराच्या आत लय सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांमध्ये पक्षाघात, हृदयरोगाने मृत्यू आणि संबंधित कारणांनी रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण कमी आढळले. म्हणून नव्याने निदान झालेल्या रुग्णाने ‘माझी लय पूर्ववत करता येईल का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. एएफ जितके दिवस चालू राहते तितके अलिंद मोठे होते आणि त्यात तंतुमय ऊती वाढतात. त्यानंतर तेच उपचार कमी लागू पडतात.

शॉक देऊन लय कशी परत आणतात?

थोडा वेळ भूल देऊन छातीवरील पॅडमधून ठोक्याशी जुळवलेला विद्युतझटका दिला जातो. ही प्रक्रिया काही मिनिटांची असते आणि रुग्णाला वेदना आठवत नाही. काळजी घ्यायची ती आधी. एएफ कधी सुरू झाले हे नक्की माहीत नसेल किंवा त्याला बराच काळ लोटला असेल, तर सलग किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारे औषध घ्यावे लागते किंवा अन्ननलिकेतून इको करून अलिंदात गुठळी नाही याची खात्री करावी लागते. शॉकनंतर औषध किमान चार आठवडे चालू ठेवावे लागते, कारण लय परतली तरी अलिंदाचे आकुंचन लगेच पूर्ववत होत नाही.

लय राखणारी औषधे सुरक्षित आहेत का?

योग्य रुग्णाला योग्य औषध दिले तर. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना किंवा हृदयाची रचना बिघडलेल्यांना देत नाहीत. सोटालॉल घेताना ईसीजीवरील क्यूटी अंतरावर, म्हणजे निलयांच्या विद्युतक्रियेला लागणाऱ्या वेळावर, लक्ष ठेवावे लागते. अमिओडॅरोन सर्वांत प्रभावी असले तरी ते थायरॉइड, फुप्फुसे, यकृत आणि डोळे यांवर परिणाम करू शकते. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी चुकवू नये.

अब्लेशन म्हणजे काय आणि ते कसे करतात?

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हाईसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की येऊन-जाऊन असणाऱ्या एएफला चालना देणारे बहुतेक जादा ठोके फुप्फुसशिरांतून, म्हणजे फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांतून निघतात. त्या शिरा अलिंदापासून विद्युतदृष्ट्या अलग करणे हा आजच्या अब्लेशनचा पाया आहे.

जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, उजव्या अलिंदात नेतात आणि दोन अलिंदांमधल्या पातळ पडद्याला सूक्ष्म छेद देऊन डाव्या बाजूला जातात. तिथे प्रत्येक शिरेच्या मुखाभोवती व्रणांचे कडे तयार केले जाते. त्यासाठी रेडिओलहरींची उष्णता, अतिशीत फुगा किंवा अलीकडे आलेली स्पंदित विद्युतक्षेत्राची पद्धत वापरतात. कडे पूर्ण झाले की शिरेत ठेवलेल्या कॅथेटरवरचे शिरेतील विद्युतसंकेत एकाएकी नाहीसे होतात आणि तेच शीर अलग झाल्याचे चिन्ह असते. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत व्रण भरत असताना एएफ परत येऊ शकते; तेवढ्यावरून उपचार फसला असे ठरवत नाहीत. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये यश अधिक मिळते, दीर्घकाळ सलग चालू असलेल्यात कमी, आणि काहींना दुसऱ्यांदा अब्लेशन करावे लागते. जांघेत रक्त साकळणे ही तुलनेने वारंवार होणारी गुंतागुंत आहे. हृदयाभोवती रक्त साचणे किंवा पक्षाघात या गुंतागुंती क्वचित होतात. अन्ननलिका आणि अलिंद यांच्यात छिद्र पडणे अत्यंत दुर्मीळ असले तरी जीवघेणे असते. म्हणून अब्लेशननंतरच्या काही आठवड्यांत ताप, गिळताना दुखणे किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर उपचार केलेल्या केंद्राशी त्याच दिवशी संपर्क साधावा. ते केंद्र वर्षाला किती अब्लेशन करते आणि गुंतागुंतीचे प्रमाण किती आहे, हे विचारण्यात कोणताही संकोच नसावा.

रक्त पातळ करणारी औषधे अजिबातच घेता येत नसतील तर?

अशा निवडक रुग्णांत डाव्या अलिंदाच्या उपांगाचे तोंड छोट्या उपकरणाने आतून बंद करता येते. त्यानंतरही काही काळ गुठळीविरोधी औषधे लागतात.

राहणीमान बदलल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि त्याकडे उपचाराचाच भाग म्हणून पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, ज्या स्थूल रुग्णांनी आपल्या वजनाच्या १० टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवले, ते एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त होती. मद्यपान सोडल्याने एएफ परत येण्याचे प्रमाण घटते, हे २०२० साली यादृच्छिक चाचणीतून सिद्ध झाले. रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवावा, श्वासरोध असल्यास त्यावर उपचार घ्यावेत आणि नियमित मध्यम व्यायाम करावा. माफक कॉफीने एएफ वाढते असे दिसलेले नाही. ज्यांना कॉफीनंतर हमखास धडधड होते त्यांनी ती टाळावी.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते. म्हणून लक्षणे कमी होण्याची वाट पाहू नये आणि रुग्ण रक्त पातळ करणारे कोणते औषध घेतो व शेवटची गोळी कधी घेतली हे पोहोचताच सांगावे. छातीत तीव्र दुखणे, शुद्ध हरपणे, बसल्या जागी धाप लागणे, काळे शौच किंवा न थांबणारा रक्तस्राव, तसेच डोक्याला मार लागणे, मग बाहेरून जखम दिसो वा न दिसो, या सर्वांसाठीही थेट रुग्णालय गाठावे.

तज्ज्ञाकडे पहिल्या भेटीला जाताना काय न्यावे?

एएफ दिसलेल्या ईसीजीची मूळ पट्टी किंवा तिचे स्पष्ट छायाचित्र सर्वांत आधी. ‘एएफ आढळले’ असे लिहिलेला नुसता अहवाल पुरत नाही, कारण अलिंदांचे इतर काही लयदोष एएफसारखेच दिसतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. त्यासोबत इकोचा अहवाल, अलीकडच्या रक्ततपासण्या आणि काउंटरवरून आणलेल्या वेदनाशामकांसह चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत. त्रास कधी सुरू झाला, किती वेळ टिकला आणि त्या वेळी आपण काय करत होता, हे दोन-चार ओळींत लिहून नेले, तर भेटीतला वेळ उपचारांचे पर्याय समजून घेण्यासाठी उरतो.